पोलंडच्या घरातला हिवाळा: सण संतांचे, दिवस घरच्यांचे

पोलंडमध्ये भिंतीवर लावायचे साधे कॅलेंडर पाहिले, तर प्रत्येक तारखेखाली दोन-तीन माणसांची नावे छापलेली दिसतात. 30 नोव्हेंबरला आंजेय, 4 डिसेंबरला बार्बरा, 6 डिसेंबरला मिकोवाय, 24 डिसेंबरला आदाम आणि एवा. आपल्याकडे कालनिर्णयात चतुर्थी-एकादशी पाहतात, तितक्याच सहजपणे तिथली माणसे ही नावे पाहतात, कारण त्या नावाचे कुणी घरात, शेजारी किंवा कचेरीत असेल तर त्या दिवशी त्याला शुभेच्छा द्यायच्या असतात. ही नावे कॅथलिक संतांची आहेत. संताचा सण आणि त्याचे नाव लावणाऱ्या घरच्या माणसाचा दिवस एकाच तारखेला येतो. त्यामुळे देवाधर्माचे सण वेगळे आणि घरचे कार्यक्रम वेगळे, अशी वाटणी तिथे करताच येत नाही.

हे सगळ्यात ठळक दिसते ते हिवाळ्यात. डिसेंबरच्या मध्यावर वॉर्सात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या आत मावळतो. शेतीची कामे थांबलेली असतात, बाहेर थंडी, आणि माणसे घरात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या या काळोख्या दिवसांत सणांची रांगच लागते. प्रार्थना चर्चमध्ये होते, पण सणाचा उरलेला सगळा व्यवहार घरात चालतो: टेबलावर, खिडकीशी, दाराच्या चौकटीवर. पोलंडमध्ये हे सण एवढ्या उलथापालथीतून टिकले, ते घराने ते आपल्या अंगावर घेतले म्हणून. हे कसे घडले ते तारखांच्या क्रमाने पाहू.

आधी वाढदिवसाचा प्रश्न

सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लोकांना वाढदिवस फारसा मानवत नव्हता. तिसऱ्या शतकातले ग्रीक धर्मपंडित ओरिजेन यांनी बायबलचा दाखला देऊन लिहिले की, स्वतःचा वाढदिवस साजरा करताना दिसतात ते फारो आणि हेरोद, आणि दोघांच्याही मेजवानीला रक्ताचा डाग लागला. फारोने त्या दिवशी आपल्या भटारखान्याच्या प्रमुखाला फासावर दिले, हेरोदाने योहान बाप्तिस्त्याचा शिरच्छेद करवला. संतांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरला तो मृत्यूचा दिवस, कारण श्रद्धेप्रमाणे त्या दिवशी ते स्वर्गात जन्म घेतात. दुसऱ्या शतकात स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले इझमिर, इथे बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाले. त्यांच्या हौतात्म्याचा ‘जन्मदिवस’ आपण दरवर्षी एकत्र जमून पाळू, असे तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी लिहून ठेवले आहे. संतांचे कॅलेंडर वाढत गेले ते या विचारातून. आजही त्यात पृथ्वीवरचा जन्म साजरा होतो तो तिघांचाच: 25 डिसेंबरला येशूचा, 8 सप्टेंबरला मरियेचा आणि 24 जूनला योहान बाप्तिस्त्याचा.

पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला संताचे नाव देण्याची रीत रुजली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर 1566 मध्ये निघालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथाने ती आग्रहाने सांगितली. ज्याच्या पुण्याईचा कित्ता मुलाने गिरवावा आणि ज्याने मुलाचे रक्षण करावे, अशा संताचे नाव ठेवावे, ही त्यामागची धारणा. साहजिकच त्या संताचा दिवस मुलाचाही दिवस झाला. पोलंडमध्ये या दिवसाला ‘इम्येनीनी’ म्हणतात. आपण इथे नामदिन म्हणू. युरोपात जिथे प्रोटेस्टंट पंथ पसरला तिथे संतांची पूजा मागे पडली, त्याबरोबर पुष्कळ ठिकाणी नामदिनही गेला आणि वाढदिवस पुढे आला. पोलंडच्या आतही ही रेघ दिसते. दीर्घकाळ प्रोटेस्टंट प्रशियाच्या राज्यात असलेल्या अप्पर सायलिशियात लोक कॅथलिक असूनही वाढदिवसालाच जास्त मान देतात.

नाव कोणते ठेवायचे, हेही पूर्वी पुष्कळदा कॅलेंडरच ठरवत असे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली तर बार्बरा, मुलगा झाला तर मिकोवाय. अशा मुलाबद्दल ‘आपले नाव घेऊनच आला’ असे म्हणत. यान किंवा मारिया यांसारख्या नावांना वर्षात अनेक तारखा असतात. तिथे वाढदिवसानंतर येणारी पहिली तारीख आपली मानायची, असा साधा नियम आहे.

नामदिनाची संध्याकाळ कशी असते, ते 4 डिसेंबरला एखाद्या बार्बराच्या घरी पाहावे. जुन्या रिवाजात आमंत्रण नसते. तारीख सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ज्याला आपुलकी आहे तो येतो, आणि घरच्यांनीही कुणी ना कुणी येणार हे धरून तयारी केलेली असते. पाहुणे फुले आणतात, आणि ती विषम संख्येची, कारण सम संख्येची फुले अंत्यविधीला नेतात. टेबलावर उकडलेल्या भाज्या, अंडे आणि खारवलेल्या काकडीचे बारीक चौकोनी तुकडे करून मेयोनीजमध्ये कालवलेली कोशिंबीर असते. खसखशीचे सारण भरून गुंडाळलेला केक असतो, आणि सोबत चहा. सगळे उभे राहून ‘शंभर वर्षे जग’ अशा अर्थाचे गाणे म्हणतात. कचेरीत मात्र ज्याचा दिवस असेल त्यानेच सहकाऱ्यांसाठी केक किंवा मिठाई आणायची असते.

या रीतीत मोठे शहाणपण आहे. वाढदिवस ही खासगी माहिती. ती कुणी लक्षात ठेवली तर ठेवली. नामदिन भिंतीवर छापलेला असतो. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा दिवसही शेजाऱ्याला आपोआप कळतो. तिचे वय कुणी विचारत नाही. शिवाय तो दिवस तिच्या एकटीचा नसतो. गावातल्या सगळ्या बार्बरांचा आणि त्या नावाच्या संतिणीचा असतो. माणसाला त्याचा दिवस मिळतो आणि तो सगळ्यांच्या सणात मिळतो.

वाढदिवस तिथे नाहीत असे मुळीच नाही. लहान मुलांचे वाढदिवस थाटात होतात, अठरावा तर फारच मोठा. पहिल्या वाढदिवसाला बाळासमोर जपमाळ, पुस्तक, पैसे, मद्याचा छोटा पेला अशा वस्तू मांडतात, आणि बाळ प्रथम कशाला हात घालते त्यावरून त्याचे भविष्य हौसेने सांगतात. तरुण पिढीत नामदिनापेक्षा वाढदिवसाकडे ओढा वाढला आहे. तरीही आजी-आजोबांच्या घरी नामदिनाचा फोन चुकवून चालत नाही.

काळोखातले चार आठवडे

नाताळच्या तयारीचा काळ म्हणजे आगमनकाळ. तो 30 नोव्हेंबरला सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो आणि त्यात चार रविवार येतात. पूर्वी हा काळ उपासाचा आणि संयमाचा होता; नाचगाणी आणि लग्ने बंद असत. म्हणून त्याच्या तोंडावरची, संत आंद्रियाच्या म्हणजेच आंजेयच्या सणाची आदली रात्र, 29 नोव्हेंबरची, मौजेची ठरली. मुली मेण वितळवून ते जुन्या किल्लीच्या छिद्रातून थंड पाण्यात ओततात. पाण्यात थिजलेला गोळा मेणबत्तीसमोर धरला की भिंतीवर सावली पडते, आणि त्या सावलीच्या आकारावरून होणारा नवरा कोण, काय करणारा, याचे तर्क चालतात. आज हा मुलांचा खेळ झाला आहे, पण किल्ली, मेण आणि पाणी अजून तेच आहे.

आगमनकाळात पहाटे, उजाडण्याआधी, मरियेच्या सन्मानार्थ मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते. तिला ‘रोराती’ म्हणतात. चर्चमधले दिवे मालवलेले असतात आणि मुले हातात कंदील घेऊन अंधारातून येतात. हे कंदील पुष्कळदा घरीच पुठ्ठा आणि रंगीत कागद वापरून केलेले असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला कडाक्याच्या थंडीत पहाटे उठवणे सोपे नाही. पण स्वतः केलेला कंदील न्यायचा असेल तर मूल आपणहून उठते. घरातल्या सणांचे मर्म इथे आहे: प्रत्येकाच्या हाताला काम असते.

4 डिसेंबरची संत बार्बरा ही खाणकामगारांची आश्रयदाती. सायलिशियाच्या कोळसापट्ट्यात त्या दिवशी पहाटे खाणीचे बँडपथक रस्त्यांतून वाजवत जाते आणि वसाहतीला जागे करते. काळ्या गणवेशावरच्या टोपीला तुरा असतो: कामगारांचा काळा, वरिष्ठ अधिकाऱ्यांचा पांढरा, वाजवणाऱ्यांचा लाल. घरात मात्र हा दिवस एका फांदीचा. चेरीची एक डहाळी कापून कोमट पाण्यात, उबदार खोलीत ठेवतात, आणि ती नाताळपर्यंत फुलते. यात चमत्कार नाही, म्हणून त्याची गंमत कमी होत नाही. चेरीच्या कळ्यांना उमलण्याआधी काही आठवडे थंडी लागते. डिसेंबर उजाडेपर्यंत ती पुरेशी मिळालेली असते. मग ऊब मिळाली की झाडाला वसंत आल्यासारखे वाटते.

6 डिसेंबरला संत निकोलसचा दिवस. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा इथे ते बिशप होते, आणि 1087 मध्ये त्यांचे अवशेष इटलीतल्या बारी इथे नेण्यात आले. गरिबांना गुपचूप मदत करणारा संत अशी त्यांची ख्याती. म्हणून मुलांना सकाळी उशाखाली किंवा बुटांत भेटी सापडतात.

13 डिसेंबरच्या संत लुसीबद्दल पोलिश म्हण आहे की, लुसी दिवस वाढवते. आजच्या कॅलेंडरप्रमाणे हे चूक वाटेल, कारण सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरचा. पण म्हण जुनी आहे. जुन्या ज्युलियन कॅलेंडरचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठे होते. शतकानुशतके ही चूक साचत गेली आणि सोळाव्या शतकात सर्वांत लहान दिवस 12 डिसेंबरच्या आसपास येऊ लागला. 1582 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी कॅलेंडर दुरुस्त केले, 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आला, आणि पोलंडने ही दुरुस्ती लगेच स्वीकारली. तारीख हलली, म्हण राहिली. लुसीपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बरोबर बारा दिवस होतात. शेतकरी त्या प्रत्येक दिवसाचे हवामान टिपून ठेवत आणि त्यावरून येत्या वर्षाच्या बारा महिन्यांचा अंदाज बांधत.

पहिल्या ताऱ्याची वाट

पोलिश हिवाळ्याचा कळस म्हणजे 24 डिसेंबरची संध्याकाळ, ‘विगिलिया’. घर झाडूनपुसून लख्ख, दिवसभर जेमतेम खाणे, आणि चार वाजायच्या सुमारास मुले खिडकीला नाक लावून उभी. आकाशात पहिला तारा दिसला की जेवण सुरू होते. तो बेथलेहेमच्या ताऱ्याची आठवण. टेबलावर पांढरेशुभ्र कापड आणि त्याखाली मूठभर वाळलेले गवत, येशूच्या गव्हाणीची खूण. एक ताट आणि खुर्ची जास्तीची मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी.

जेवणाआधी बायबलमधला येशूजन्माचा उतारा वाचतात. मग येतो या संध्याकाळचा गाभा, ‘ओपवातेक’. पीठ आणि पाणी एवढ्याच जिनसांची ही कागदासारखी पातळ, पांढरी, पोस्टकार्डाएवढी आयताकृती पापडी. लोखंडी साच्यात भाजताना तिच्यावर गोठ्याचे, बाळ येशूचे चित्र उठते. मिस्साविधीत प्रसाद म्हणून देतात त्या ओस्तीसारखीच ती दिसते, पण ती पवित्र संस्कारातली नाही. ती घरात, कुणीही, कुणाहीबरोबर वाटून घ्यायची असते. प्रत्येकाच्या हातात एक-एक पापडी. मग आजोबा नातवासमोर उभे राहतात, नातू त्यांच्या पापडीचा कोपरा मोडून खातो, आजोबा त्याच्या पापडीचा. मोडताना एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या, आणि त्या ठरावीक शब्दांत देऊन भागत नाही. परीक्षा, दुखणारा गुडघा, नवी नोकरी, जे त्या माणसाच्या आयुष्यात चालू आहे त्याबद्दल बोलायचे. घरात आठ माणसे असतील, तर प्रत्येकाने उरलेल्या सातांसमोर एकेकदा असे उभे राहायचे असते. वर्षभर अबोला धरलेल्या भावासमोरही. गुरांसाठी रंगीत पापडी वेगळी असते. त्या मध्यरात्री जनावरे माणसासारखी बोलतात, अशी खेड्यापाड्यांत समजूत होती.

मग बारा पदार्थ. बारा का, याला बारा प्रेषित हे उत्तर मिळते, कधी बारा महिने. पूर्वी अनेक घरांत पदार्थांची संख्या सात, नऊ, अकरा अशी विषमही असे. प्रत्येकाने प्रत्येक पदार्थाची चव घ्यायचीच. मांस नसते, कारण हा उपासाचा दिवस. चर्चच्या आजच्या नियमांत त्या दिवशी मांसबंदी सक्तीची नाही, तरी घरांनी ती सोडलेली नाही. लाल बीटचे आंबटसर सूप आणि त्यात रानअळंब्यांचे सारण भरलेले, कानाच्या आकाराचे चिमुकले उंडे. कोबी-अळंबी भरलेले पिएरोगी. वाटाणा घातलेला आंबवलेला कोबी. खारवलेला हेरिंग मासा, तळलेला कार्प. पूर्वेकडच्या घरांत गहू, खसखस आणि मध यांची ‘कुत्या’. आणि शेवटी सुकवलेली सफरचंदे, नासपती, आलुबुखार उकळून केलेले धुरकट वासाचे पेय.

ही यादी नीट पाहिली की तिचे तर्कशास्त्र कळते. डिसेंबरात पोलिश शेतकऱ्याच्या घरी मांस वगळून काय असणार? शरदात रानातून आणून सुकवलेली अळंबी, पिंपात आंबवलेला कोबी, तळघरातले बीट, कोठारातले गहू आणि वाटाणे, बागेतली सुकवलेली फळे, पोळ्याचा मध, तळ्यातला किंवा नदीतला मासा. शेत, रान, बाग, पाणी या चौघांकडून वर्षभरात जे मिळाले, त्यातले थोडे थोडे त्या रात्री टेबलावर येते. धर्माचा उपास आणि कोठाराचा साठा यांच्या मेळातून हा स्वयंपाक घडला. कार्प मात्र घराघरांत पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा सरकारी मत्स्यशेतीतून तो मुबलक आणि स्वस्त मिळू लागला. पुष्कळ कुटुंबे तो जिवंत आणून दोन दिवस न्हाणीतल्या टबात ठेवत. त्याचे एक खवले धुऊन पैशाच्या पाकिटात जपून ठेवतात. वर्षभर पैसा कमी पडत नाही म्हणतात.

जेवणानंतर नाताळगीते. पोलंडकडे त्यांचा प्रचंड ठेवा आहे. त्यातले सर्वांत भारदस्त गीत कवी फ्रांचिशेक कार्पिन्स्की यांनी 1792 मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते पोलोनेझ या राजेशाही नृत्याच्या ठेक्यावर गातात. पाळण्याच्या चालीचे एक गीत तर पोलिश संगीतकार शोपाँने आपल्या बी मायनर स्केर्झोच्या मधल्या भागात गुंफले आहे.

24 डिसेंबर हा आदाम आणि एवा यांचाही नामदिन. नाताळच्या झाडाशी त्यांचे नाते आहे: मध्ययुगात जर्मन प्रदेशांत त्या दिवशी नंदनवनाचे नाटक होई, त्यात सफरचंदे लावलेले सूचिपर्णी झाड उभारत. असे झाड पोलंडच्या घरांत अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात शिरले. त्याआधी दक्षिणेकडे फरचा शेंडा छताला उलटा टांगत आणि त्याला सफरचंदे, अक्रोड, गवताचे तारे आणि ओपवातेकचे रंगीत गोळे लावत. ज्याचे नाव आदाम, त्याच्या वाट्याला स्वतंत्र मेजवानी येत नाही, पण त्याच्या नामदिनाला सगळा देश टेबलाशी बसलेला असतो.

रात्री बाराला मिस्सा. 25 तारीख घरच्यांची, शांततेची. 26 ला पहिला हुतात्मा संत स्तेफन याचा, म्हणजेच सगळ्या श्चेपानांचा दिवस. त्याला दगडांनी मारले गेले याची आठवण म्हणून काही ठिकाणी चर्चमध्ये धर्मगुरूंवर ओट धान्याचे दाणे उधळतात. वर्षाचा शेवटचा दिवस पोप पहिले सिल्वेस्टर यांचा, ते इ.स. 335 मध्ये 31 डिसेंबरला वारले. आजही पोलंडमध्ये त्या रात्रीच्या पार्टीला ‘सिल्वेस्टर’च म्हणतात.

रिकामी खुर्ची आणि वळिवडे

1795 मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड गिळला आणि 1918 पर्यंत, म्हणजे 123 वर्षे, हा देश नकाशावर नव्हता. राज्य नाही, मोठ्या प्रदेशांत शाळांतून भाषा हद्दपार. उरले चर्च आणि घर. रशियाविरुद्धच्या 1863 च्या उठावानंतर हजारो लोक सायबेरियात पाठवले गेले, तेव्हा विगिलियाच्या टेबलावरची रिकामी खुर्ची अनोळखी पाहुण्याबरोबर आपल्या माणसाचीही झाली. परदेशी गेलेल्यांना पत्रातून ओपवातेक पाठवण्याची रीत आजही चालू आहे; पाकिटात ती मोडली तरी बिघडत नाही, ती मोडण्यासाठीच असते. 13 डिसेंबर 1981 रोजी कम्युनिस्ट सरकारने लष्करी कायदा लागू केला आणि सॉलिडॅरिटी चळवळीचे हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. त्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलंडमध्येच जन्मलेले पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हॅटिकनमध्ये आपल्या खिडकीत मेणबत्ती लावली.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रात येतो. 1940-41 मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले. पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या 1941 च्या करारानंतर सुटका झालेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात पोचले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांच्या छावणीत स्वतःचे चर्च होते, पोलिश शाळा होत्या. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. वळिवड्याच्या डिसेंबरात बर्फ नव्हता, रानअळंबी नव्हती, आणि पुष्कळ मुलांचे वडील एकतर युद्धावर होते किंवा हयात नव्हते. अशा कुटुंबांत रिकाम्या खुर्चीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नसणार. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश निर्वासितांचे स्मारक उभे आहे.

खडू, मेणबत्ती आणि भाकर

नाताळ 25 डिसेंबरला संपत नाही. 6 जानेवारीला तीन राजांचा सण येतो. चर्चमध्ये आशीर्वादित केलेला खडू घरी आणून दाराच्या चौकटीवर वर्षाचे आकडे आणि मधे तीन अक्षरे लिहितात. लोक ती कॅस्पर, मेल्किओर आणि बाल्थाझार या राजांची आद्याक्षरे मानतात. ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ या लॅटिन वाक्याची आद्याक्षरे असाही अर्थ सांगतात. खडू हातात धरून खुर्चीवर चढायचा मान बहुतेक घरांत मुलांचा. कम्युनिस्ट सरकारने 1960 मध्ये या सणाची सुट्टी रद्द केली. ती परत मिळायला 2011 उजाडले. मधल्या पन्नास वर्षांत दारांवर खडू उमटत राहिला.

याच दिवसांत धर्मगुरू पॅरिशमधल्या घराघराला भेट देतात. टेबलावर पांढरे कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि तीर्थजल मांडून घर वाट पाहते. प्रार्थना होते, घरावर पाणी शिंपडले जाते, मुले धर्मशिक्षणाची वही दाखवतात.

2 फेब्रुवारीला, नाताळनंतर 40 दिवसांनी, बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याचा सण. त्या दिवशी लोक मेणबत्ती आशीर्वादित करून आणतात. तिचे नाव ‘ग्रोमनित्सा’, म्हणजे मेघगर्जनेची. उन्हाळ्यात वीज कडाडली की ती खिडकीत लावायची, आणि घरात कुणी अखेरच्या घटका मोजत असेल तर त्याच्या हातात द्यायची. हिवाळ्याच्या ऐन भरात आणलेली मेणबत्ती अशी वर्षभराची आणि आयुष्यभराची सोबत करते. नाताळगीतेही याच दिवसापर्यंत गातात.

त्यानंतरचे दिवस छोट्या, उपयोगी सणांचे. 3 फेब्रुवारीला संत ब्लेझच्या नावाने गळ्याशी दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून घशाच्या आजारांपासून रक्षणाची प्रार्थना करतात. 5 तारखेला संत आगाथाच्या दिवशी भाकर, मीठ आणि पाणी आशीर्वादित होते. आगीपासून घर वाचावे म्हणून ते घरात जपतात. आणि 6 फेब्रुवारीला जगभरच्या कॅथलिक कॅलेंडरांत, पोलंडच्याही, संत पॉल मिकी आणि सोबती यांचा सण असतो. 1597 मध्ये नागासाकीत क्रूसावर चढवलेल्या या 26 जणांत एक होते वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले.

घराने काय केले

या अडीच महिन्यांकडे एकत्र पाहिले की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, यातली कोणतीही रीत महाग नाही. गवताची मूठ, पिठाची पापडी, खडूचा तुकडा, चेरीची डहाळी, एक मेणबत्ती. गरिबाच्या, कैद्याच्या, निर्वासिताच्या हातातही त्या मावतात. दुसरी, प्रत्येक रीतीत घरातल्या कुणाला तरी नेमून दिलेली जागा आहे. तारा मुलांनी शोधायचा, पापडी प्रत्येकाने प्रत्येकाबरोबर मोडायची, 4 डिसेंबरला बार्बरामावशीकडे जायचे. सण म्हणजे पाहण्याची गोष्ट राहत नाही, करण्याची होते. राज्ये बदलली, सुट्ट्या गेल्या आणि आल्या, तरी रीती टिकल्या त्या एवढ्यामुळे. विगिलियाचा दिवस तर शतकानुशतके देशभर पाळला जात होता. कायद्याने त्याला सार्वजनिक सुट्टी दिली ती 2025 पासून.

सध्या पुण्या-मुंबईची पुष्कळ मुले वॉर्सा, क्राकूव्ह, व्रोत्सवाफ इथे शिकायला आणि नोकरीला आहेत. त्यांच्यापैकी कुणाला 24 डिसेंबरचे आमंत्रण आले, तर त्यांनी ते जरूर स्वीकारावे. परक्या माणसाला त्या टेबलावर जागा मागावी लागत नाही. ती आधीच मांडलेली असते. दिवसभर हलके खावे, बाराही पदार्थ थोडे थोडे चाखावेत आणि ओपवातेक मोडताना समोरच्याला जे मनापासून द्यावेसे वाटेल ते, मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये का होईना, बोलून दाखवावे. आणि निघण्याआधी यजमानांच्या नामदिनाची तारीख विचारून लिहून घ्यावी. त्या तारखेला विषम संख्येची फुले घेऊन त्यांचे दार वाजवले, की ते घर आपले होते.